नाक दाबून बघ

११ जून

चिमे,

तुझं पाकीट पोचलं. आत ती छापील पानं आणि वर तुझ्या हाताच्या दोन ओळी. ताई, तुला झोप लागत नाही असं मावशी म्हणाली, हे करून बघ, स्वप्नात हवं ते करता येतं म्हणे. बस, एवढंच. ऑपरेशनला वर्ष होत आलं आणि त्यानंतरचं तुझं हे पहिलं अक्षर. चला, दोन ओळींचा का होईना, मुहूर्त लागला.

पानं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाचायला आता वेळच वेळ आहे. मला कळलं ते असं, की स्वप्नात असताना माणसाला कळत नाही हे स्वप्न आहे. ते कळावं म्हणून दिवसा, चांगलं जागेपणी, स्वतःला सारखं विचारायचं, मी आत्ता स्वप्नात आहे का? आणि नुसतं विचारायचं नाही, तपासायचं. हाताची बोटं मोजायची. एखादी पाटी वाचायची, मान फिरवायची, पुन्हा वाचायची, कारण स्वप्नात अक्षरं बदलतात. ही सवय अंगात मुरली की स्वप्नातही आपण आपोआप तपासायला जातो, काहीतरी विपरीत निघतं, आणि माणूस झोप न मोडता आतल्या आत जागा होतो. पुढे सगळा आपल्या मनाचा कारभार. उडा, नाचा, कुणाला विचारायला नको.

सगळ्यात खात्रीची तपासणी पहिल्याच पानावर आहे, तिला तू पेनाने खूणही केलीयस. नाक दाबा, तोंड मिटा आणि श्वास घेऊन बघा. जागे असाल तर श्वास येणार नाही. आला, तर स्वप्न.

चिमे, मी नाक दाबलं, तोंड मिटलं आणि ऐसपैस श्वास घेतला. मग तशीच नाक धरून बसून राहिले, आरामात. अगं बाई, माझं नाक आता नुसतं शोभेला आहे. स्वरयंत्र काढलं की श्वासाची नळी गळ्यावर उघडून देतात. शर्टाचं वरचं बटण जिथे येतं तिथे मला भोक आहे. त्यातूनच मी श्वास घेते, त्यातूनच खोकते. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं नाक दाबा नाहीतर तोंड शिवा, माझं काही अडत नाही. तुझ्या पानांच्या हिशेबाने मी वर्षभर स्वप्नातच आहे.

तुला हे माहीत नव्हतं. असणार कसं, तू बघायला आलीच नाहीस. आधी मला राग आला, मग हसू आलं. हसले म्हणजे खांदे हलले आणि गळ्यातून फुस् फुस् हवा गेली. रडण्याचंही तसंच असतं, त्यामुळे भिंतीपलीकडच्या मालकीणबाईंना काही पत्ता लागत नाही.

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. घसा दाखव, घसा दाखव म्हणून तू हात धुऊन माझ्या मागे लागली होतीस, आणि मी म्हणत होते, पोरांवर ओरडून बसलाय, होईल बरा. शेवटी दारात चपला घालता घालता तू म्हणालीस, "मग मर." मी ते विसरले असं लिहिलं तर तुला पटणार नाही. विसरले नाही. पण रागाच्या भरात माणूस मर म्हणतो, म्हणून कुणी मरत नाही, एवढं तुलाही कळायला हवं.

बाकी ठीक. तलावावरची नोकरी टिकली आहे, फक्त पोहायला शिकवण्याच्या ऐवजी आता कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या खिडकीत बसते. शिट्टी लांब्याला दिली. लांब्या तुला आठवेल, मीच तयार केलेला जीवरक्षक, प्रत्येक दारातून वाकून येतो तो. माझ्याकडून शिट्टी वाजतच नाही, फुंकर आणायची कुठून? चहासुद्धा फुंकता येत नाही, गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसते. क्लोरीनचा वास येत नाही. आणि पाण्यात उतरायचं नाही, कधीच नाही, कारण भोकातून पाणी थेट फुप्फुसात जाईल. आंघोळ करतानासुद्धा गळा झाकायचा असं डॉक्टरांनी दहादा बजावलंय. मी, जिला आई म्हणायची की ही पाण्यातच जन्मायची ती चुकून घरात जन्मली.

बोलायला शिकवणाऱ्या वर्गाला जाते. हवा गिळायची आणि ढेकर देतो तशी वर आणून तिचे शब्द करायचे. आवाजाच्या बाई चांगल्या आहेत.

पानं ठेवून घेतली आहेत. बोटं मोजून बघीन.

ताई


६ जुलै

चिमे,

उत्तर नाही. ठीक आहे. मावशी म्हणते, मोबाइलवर मेसेज टाक, लगेच वाचेल. म्हणूनच टाकत नाही. त्यात तू वाचल्याचं दिसतं, आणि वाचून गप्प बसल्याचंही दिसतं. पत्राचं बरं असतं, दोष पोस्टावर ढकलता येतो.

तुझ्या तपासण्यांची गंमत ऐक. किल्ली मागायला माणूस आला की द्यायच्या आधी पंजा पसरून बोटं मोजायची, अशी सवय लावून घेतली. एका बाईंना वाटलं मी त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगतेय. त्या बिचाऱ्या बाजूला होऊन थांबल्या, आणि मी मागच्याला किल्ली दिली. मग जे काही भांडण झालं ते मी हरले. आयुष्यात पहिल्यांदा. पाटीचं म्हणशील तर खिडकीसमोर "काठावर पळू नये" अशी पाटी आहे, ती मीच लावून घेतलेली; ती मला इतकी पाठ की स्वप्नातही जशीच्या तशी दिसेल. घड्याळ बघावं, तर आमचं भिंतीवरचं घड्याळ जागेपणीही मनाला येईल ती वेळ दाखवतं.

मग माझं मलाच सुचलं. जागेपणी जे मला मुळीच जमत नाही, तेच करून बघायचं. ओरडायचं.

नवी पोरं काठ घट्ट धरून लटकतात ना, पाय मारतात पण हात काही सुटत नाही, तेव्हा मी "काठ सोड" म्हणून अशी आरोळी द्यायचे की बाहेर रस्त्यावरची माणसं थबकायची. तुलाही तशीच सोडवली होती. तर आता दिवसातून असंख्य वेळा, दार ओलांडताना, किल्ली टांगताना, जिना चढताना, मी तोंड उघडते आणि "काठ सोड" म्हणते. काही येत नाही, नुसते ओठ हलतात. म्हणजे जागी आहे. लांब्याने एकदा बघितलं, म्हणाला, "मॅडम, काही हवंय का?" मी मान हलवली. त्याला वाटतं मी तोंडातल्या तोंडात त्याला शिव्या घालते.

आणि परवा पहाटे लागलं. स्वप्नात मी कुठल्यातरी दुकानात रांगेत उभी होते आणि एक माणूस सारखा माझ्या पुढे घुसत होता. दार दिसलं म्हणून सवयीने तोंड उघडलं, तर आवाज आला. माझा, जुना, खणखणीत. सगळी रांग मागे वळली. मी पुन्हा ओरडले, पुन्हा आला. चिमे, मला कळलं गं. एकदम सगळं लख्ख दिसायला लागलं, काउंटरवरचे ओरखडेसुद्धा. त्या घुसखोराला तिथेच टाकलं आणि दार उघडलं, तर पलीकडे आमचा तलाव.

उडी मारली. हात पुढे, डोकं खाली. गळ्याला काही झालं नाही. तळाच्या फरशा बघत थेट दुसऱ्या टोकाला गेले, वर आले, ओरडले, परत बुडी मारली. पाणी कानात शिरलं की कसा आवाज होतो ते मी विसरून गेले होते. जाग आली तेव्हा मी रडत होते आणि बराच वेळ तशीच पडून राहिले. खोलीत पाणी नव्हतं याचाच राग आला.

हे कुणाला सांगितलेलं नाही. तुला लिहितेय, कारण पानं तुझी. उपकार झाले तुझे.

वर्ग छान चाललाय. आवाजाच्या बाई माझ्यावर खूश आहेत.

ताई


२ ऑगस्ट

चिमे,

मागच्या पत्रात वर्ग छान चाललाय असं लिहिलं ती शुद्ध थाप होती. वर्ग मी सोडलाय. तुला आता मावशीकडून कळलंच असेल, कारण आवाजाच्या बाईंनी तिला फोन केला. मावशी येऊन माझ्यासमोर रडली. मी वहीत लिहिलं, "चहा घे."

बाई परवा स्वतः खिडकीवर आल्या. म्हणाल्या, "तुम्हाला जमत नाही म्हणून सोडलंत का? अहो, पहिला आवाज यायला काहींना खूप वेळ लागतो. तो बोलावून येत नाही, एक दिवस ध्यानीमनी नसताना येतो." मी वहीत लिहिलं, वेळ मिळत नाही. त्यांनी माझ्या रिकाम्या खिडकीकडे बघितलं आणि निघून गेल्या. चांगल्या आहेत गं, मला लाज वाटली.

खरं कारण त्यांना सांगून कळलं नसतं, तुला कळेल. माझ्याकडे तपासायला एकच गोष्ट आहे, मला आवाज नाही ही. जागेपणी तोंड उघडलं की शांतता, स्वप्नात उघडलं की आवाज. उद्या वर्गात जाऊन मला काहीतरी खरखर बोलता यायला लागलं, तर मग ओळखायचं कशावरून? तो ढेकरेचा आवाज घेऊन मी करू काय, किल्ली नंबर अमुक म्हणू? त्याच्यासाठी माझं पाणी घालवू? मी हिशेब केला आणि मुकी राहायचं ठरवलं. तुला हे वेडेपणाचं वाटेल, वाटू दे.

आता जवळपास रोज जमतं. सुटीच्या दिवशी दुपारीही झोपते, मालकीणबाई दार ठोठावून बघतात की ही आहे की गेली. मावशीकडे जेवायला जात नाही, जेवणं उशिरा होतात आणि माझी झोप मोडते. तलावावर कुणाशी काही लिहून बोलत नाही. आरशात बघितलं तर गाल बसलेत. पण चिमे, स्वप्नात मी पोरांना शिकवते. ती मला ऐकतात. एक मुलगी आहे, ती काही केल्या काठ सोडत नाही, तिच्यावर ओरडून ओरडून माझा घसा दुखतो, इतकं खरं असतं ते.

एकदा तुलाही बोलावलं होतं. पानांत लिहिलंय ना, हवं त्या माणसाला बोलावता येतं म्हणून. तू आलीस, पण तुझं तोंड नीट दिसेना. समोर आलीस की पुसट व्हायचीस. मला फार वाईट वाटलं, म्हणून पुन्हा बोलावलं नाही.

खरी येशील तर बरं.

ताई


१९ ऑगस्ट

चिमे,

हे हॉस्पिटलातून लिहितेय. तू येऊन गेलीस ते मला कळलं. नर्स म्हणाली, एक बाई काचेपाशी उभ्या होत्या, कपाळ अगदी तुमच्यासारखं, आत या म्हटलं तर नको म्हणाल्या. मी झोपेत होते, अंगाला नळ्या होत्या, भोक उघडं होतं. बघण्यासारखं काही नव्हतंच. पण जाताना मावशीला तू जे म्हणालीस ते मावशीने मला सांगितलं, आणि म्हणून आज हट्टाने उशीला टेकून बसले आहे. तू म्हणालीस, "ताईने जीव द्यायला उडी मारली. मीच तिला मर म्हणाले होते."

नाही. नीट वाच आणि दोनदा वाच. मी जीव द्यायला गेले नव्हते.

इथे सगळ्यांना तेच वाटतं. तलावाच्या मॅनेजरला, मावशीला, डॉक्टरांना. मनाचे एक डॉक्टर येऊन गेले, फार हळू बोलतात. जगावंसं वाटतं का, म्हणाले. मी मान हलवून हो म्हटलं. मान हलवून म्हटलेल्या हो मध्ये जोर कुठला आणायचा? त्यांनी लिहून घेतलं आणि उद्या परत येतो म्हणाले.

झालं ते असं. तलाव सफाईसाठी बंद होता. दुपार होती, जेवण झालं होतं, खिडकीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला असेल. उठले, लांब्याला चहाला बोलवायला आत गेले. दार ओलांडलं, सवयीने तोंड उघडलं, आणि आवाज आला. "काठ." जाड, बसका, पण आला. जेवताना हवा गिळली गेली होती ती वर आली असणार. आवाजाच्या बाई आता सांगतात की क आणि ठ ही अक्षरंच अशी आहेत, ती हवेला आपोआप आत ढकलतात, सगळ्यांचा पहिला शब्द असलाच काहीतरी असतो. मला तेव्हा हे कुठलं सुचायला? मी एवढंच म्हटलं, आवाज आला, म्हणजे स्वप्न. तरी मी आपली शहाणी, म्हटलं, आणखी एक बघू. नाक दाबलं, तोंड मिटलं. श्वास आला. दोन साक्षी मिळाल्या की कोर्टही मानतं.

तू म्हणशील, गळ्याला हात लावून का बघितलं नाहीस? अगं, स्वप्नातही कधी भोक असतं, कधी नसतं. असलं तरी तिथे पाणी शिरत नाही.

मी आनंदात होते गं. भरलेला तलाव, आत एक माणूस नाही, पाणी स्थिर. चपला काढल्या आणि कपड्यांसकट उडी मारली.

पुढचं थोडक्यात लिहिते. तू बुडताना श्वास धरू शकतेस, तोंड घट्ट मिटू शकतेस. माझ्याकडे मिटायला काही नाही. पाणी सरळ आत गेलं, आणि त्या क्षणी मला कळलं की मी जागी आहे. ओरडायला गेले तर काही नाही आलं. लांब्या मागच्या खोलीतून धावत आला. त्याने मला धरलं ते अगदी मी शिकवलं होतं तसं, हनुवटी वर, काही झालं तरी हनुवटी वर. तोंड छान कोरडं राहिलं आणि गळा प्रत्येक हाताला पाण्याखाली जात होता. काठावर घेऊन तो तोंडातून श्वास द्यायला लागला. मग त्याला गळ्यातून बुडबुडे येताना दिसले आणि त्याने मला पालथी केली, म्हणून मी आहे. तो बाहेरच्या बाकावर रोज येऊन बसतो आणि माझी माफी मागतो. त्याची काही चूक नाही, मी शिकवलं तेव्हा माझ्या गळ्याला भोक नव्हतं.

हे तुला लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. मर म्हणाल्यामुळे झालं असं तुला वाटतंय. खरं सांगावं तर तू म्हणशील, पानंही मीच पाठवली. दोन्हीकडून तूच सापडतेस. एकदा वाटलं, गप्प बसावं, तुला काय हवं ते वाटू दे. पण मी मरायला गेले असं तू जन्मभर उराशी धरशील, ते मला सहन होणार नाही. पानांनी मला पाणी दिलं होतं. चुकले मी, माझ्या पारखण्यात. तुझ्यावर मी रागावले आहे ते एवढ्याचसाठी, की तू काचेपर्यंत आलीस आणि आत आली नाहीस.

हात दुखायला लागला.

ताई


२४ सप्टेंबर

चिमे,

घरी येऊन बरेच दिवस झाले. पत्र लिहायला उशीर केला, कारण काय लिहावं तेच ठरत नव्हतं. मावशी म्हणते, तू माझं मागचं पत्र वाचून तिला फोन केलास, आणि नुसती रडलीस. बोललीस काही नाही. दोघी बहिणी सारख्याच झालो म्हणायच्या.

नोकरी गेली नाही, पण तलावाच्या आतलं दार मला बंद. मॅनेजरने तसं सगळ्यांना सांगून ठेवलंय. मी खिडकीतून बाहेरच्या बाहेर घरी येते. पानं मी फाडली नाहीत. मावशीने मागितली म्हणून दिली, तिने काय केलं मी विचारलं नाही.

वर्गाला परत जाते. न जाऊन करते काय? एकदा आलेला आवाज परत जात नाही, तो आता कुठेही येतो, जिन्यात, मोरीत, माणसांसमोर. मग निदान शहाण्यासारखा यावा. आवाजाच्या बाईंनी खुर्ची पुढे केली फक्त. माझ्या शेजारी एक ड्रायव्हर बसतात, त्यांना नुसतं "टप" म्हणता आलं तर ते घरी जाऊन नातवाला ऐकवतात. माझं त्यांच्यापेक्षा बरं आहे. आवाज मात्र भयंकर आहे, चिमे. एखादा म्हातारा पोटातून बोलतोय असं वाटतं. मालकीणबाईंनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांनी दार उघडून आत कोण पुरुष आलाय ते बघितलं.

आणि तुला सांगायचं ते हे. स्वप्नं पडतात अजून. गेल्या आठवड्यात तलाव दिसला. स्वप्नातही मी तोंड उघडलं तर तोच बसका आवाज आला, जुना आलाच नाही. पण लांब्या समोर उभा होता आणि तो माझ्या खांद्याइतकाच होता, तेव्हा मला कळलं की हे स्वप्न आहे. पक्कं कळलं, जराही शंका नाही. पाणी तसंच होतं. मी काठावर गेले, आणि माझा हात गळ्यावर गेला. मी स्वतःला सांगितलं, अगं हे स्वप्न आहे, काही होत नाही, उतर. हात निघेना. पाय पुढे होईनात. जाग येईपर्यंत मी तशीच उभी होते.

त्यानंतर दोनदा तसंच झालं. मला माहीत असतं, आणि मी उतरत नाही. जागेपणी गेलं ते गेलंच होतं, आता तिकडचंही गेलं. फार वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू? सकाळी उठून करायचं काय ते कळत नाही. तरी उठते, कारण वर्ग सकाळी असतो.

तुला मी ये म्हणणार नाही. काच तुझ्याच्याने ओलांडवली नाही, ते मला कळलं. तेव्हा मीच फोन करणार आहे. फोनवर भोक दिसत नाही. येत्या रविवारी सकाळी, तुझा नवरा बाजारात जातो तेव्हा. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, करा, पण छोटं बोला.

तुझं नाव मला अजून घेता येत नाही. म फार अवघड असतो, नुसती हवा जाते. म्हणून मी "ताई" म्हणेन. त सोपा आहे, रोज सराव करतेय. तू हॅलो म्हटल्यावर थोडा वेळ काहीच ऐकू येणार नाही, कारण मला आधी हवा गिळायला लागते. मग एक अनोळखी, जाड, पुरुषासारखा आवाज ताई म्हणेल.

ती मीच असेन. फोन ठेवू नकोस.

ताई